पोळी-भाजी केंद्राच्या सिंकला 2 इंची लाइन पुरेल का?

लालबागची_पोळीवाली

लालबागला चाळीत तळमजल्यावर आमचं पोळी-भाजी केंद्र आहे. दोन भांड्यांचं सिंक, त्याची 2 इंची लाइन मोरीच्या जाळीखालच्या न्हाणी ट्रॅपमध्ये सोडलेली, आणि तिथून तीच 2 इंची 14 फुटांवर बाहेर. दीड वाजता डबे निघाले की परातींचा ढीग पडतो. दोन्ही बुचं एकदम काढली की मोरी गुडगुडते, जाळीतून कणकेचे तुकडे घेऊन पाणी वर येतं, आणि ते उतरलं की जो वास सुटतो तो थेट गिऱ्हाइकांपर्यंत. परवा भाजी न्यायला आलेल्या आजी म्हणाल्या, "उंदीर मेलाय का गं कुठे?"

गणपतीच्या आत तिसरं भांडं बसवायचंय, मोदकांच्या ऑर्डरी असतात. प्लंबर म्हणतो 2 इंच बास, घराघरांत तेवढीच असते. धाकटे दीर म्हणतात 4 इंचीच टाका. म्हणजे कोबा फोडणं आलं. भांडी 18 बाय 16, खोली 10 इंच. कोणाचं ऐकू?

फुटाला_दोन_सूत

ताई, दिरांचं ऐका. पण कारण कळलं तर प्लंबरशी बोलता येईल.

तुमचं एक भांडं काठोकाठ 47 लिटरचं. तेवढं कोणी भरत नाही, 35 धरा. तिन्ही मिळून शंभराच्या वर, आणि ते मिनिटभरात निघायला हवं. आता, सांडपाण्याचा आडवा पाइप अर्धाच भरून वाहावा, वरचा अर्धा हवेचा. फुटाला दोन सूत, म्हणजे पाव इंच, ढाळ असेल तर 2 इंची पाइप असा अर्धा वाहून मिनिटाला साधारण 43 लिटर नेतो, 75 मिमीचा, म्हणजे 3 इंची, शंभरेक, आणि 110 चा, म्हणजे दिरांचा 4 इंची, पावणेतीनशेच्या पुढे. 2 इंची गच्च भरला की हवेला वाट उरत नाही, आणि वाहतं पाणी जाता जाता ट्रॅपमधलं पाणीही ओढून नेतं. ट्रॅपमधलं ते 50 मिमी पाणीच गटाराचा वास अडवतं. ते गेलं की आजींचा उंदीर.

घरी 2 इंच चालतो तो वेगळ्या कारणाने. बेसिन, शॉवर, सिंक एकाच क्षणी सुटत नाहीत. प्रत्येक बेसिन-सिंकचा भार आकड्यात धरणारी फिक्स्चर युनिटची कोष्टकं याच शक्यतेच्या गणितावर बेतलेली आहेत, अमेरिकेत रॉय हंटरने 1940 साली मांडलेल्या. तुमच्याकडे दीड वाजता सगळं एकदमच सुटतं, तिथे कोष्टक बाजूला ठेवून लिटर मोजायचे.

75 हिशोबात जेमतेम बसतो, पण कणीक, तेल आणि भाताची पेज आतून थर धरणार. म्हणून 110. सिंकची लाइन न्हाणी ट्रॅपमध्ये सोडू नका, सिंकला स्वतःचा ट्रॅप द्या आणि मोरी पुढे वायने, म्हणजे Y आकाराच्या जोडाने, जोडा. सिंकखाली तेल-तूप अडवणारा ग्रीस ट्रॅप हवाच, आणि तो दर आठवड्याला उपसायचा, नाहीतर नुसता डबा आहे.

चाळकरी_परळ

भिंतीतलं भोक 3 इंचीच असेल तर? आमच्याकडे प्लंबरने तिथे मोठा पाइप लहान करणारा रिड्यूसर ठोकून दिला. आणि घरच्या कमोडला 75 चालेल का?

फुटाला_दोन_सूत

कमोडला 110, त्यात चर्चा नाही. आणि वाहत्या दिशेने पाइप लहान करायचा नाही, कधीच नाही! कणकेचा पहिला गोळा त्या रिड्यूसरपाशीच बसतो. कोअर कटिंग करून, म्हणजे मशीनने गोल कापून, भोक मोठं करा.

ताई, कोबा कमी पडला तर 110 ला फुटाला एक सूतही चालतं. 14 फुटांना पावणेदोन इंच. तेव्हाही अर्धा वाहून दोनशे लिटर जातं. पण खोली मिळत असेल तर दोनच सूत द्या, तुपातेलाचं काम आहे. काटकोनी एल्बोऐवजी पंचेचाळीस अंशाचे दोन बेंड घ्या, वळणावर साफसफाईसाठी उघडणारं डोअरवालं फिटिंग लावा, आणि झाकणापर्यंत हात पोचेल असं ठेवा.

लालबागची_पोळीवाली

झालं काम. बाहेर लाइन जिथे पडते त्या चेंबरचा तळ खोल निघाला, दोन सूत मिळालं. काल दीडला तिन्ही बुचं एकदम काढली. मोरीजवळ कान देऊन बसले होते, काही आवाज नाही.

जुनी लाइन कापली तेव्हा आत भिंतीला पांढरा, मेणासारखा थर होता, मधल्या भोकात माझी दोन बोटं जेमतेम गेली. वीतभर तुकडा दिरांनी गल्ल्यामागे ठेवलाय. प्लंबर उरलेले पैसे न्यायला येणार आहे.