बॅटविंग फेअरिंग आणि स्टिरिओ: क्लॅम्प, वायरिंग, चार्जिंगचा हिशेब

लांबपल्ला:
मंडळी, टुरिंग बाइकला फोर्कवर (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांवर) बसणारं बॅटविंग फेअरिंग, म्हणजे वटवाघळाच्या पंखांच्या आकाराचं, वारा अडवणारं पुढचं कवच लावायचंय. सामान असं: एबीएस प्लास्टिकचं फेअरिंग (काच, ब्रॅकेट, स्पीकर धरून ७ किलोच्या आसपास), फोर्कचे चार क्लॅम्प, साडेसहा इंची दोन मरीन (पाण्याला टिकणारे) स्पीकर, सिंगल डिन मापाचं हेड युनिट (गाणी वाजवणारा मुख्य स्टिरिओ) आणि ४ × ५० वॉटचा क्लास-डी ॲम्प्लिफायर. सध्या दोनच चॅनेल वापरणार, पुढे साइड बॉक्समध्ये आणखी दोन स्पीकर येतील. बाइकचं चार्जिंग ४०० वॉटचं, बॅटरी १४ अँपिअर-अवरची, मागे टॉप बॉक्स कायम असतो.

विचारायचं ते हे. क्लॅम्प नेमके कुठे आणि किती आवळायचे? करंट कुठून घ्यायचा? ॲम्प खरंच लागतो का, की हेड युनिटवर भागेल? आणि अशा फेअरिंगने हँडल थरथरतं म्हणतात, त्यात तथ्य किती?

टी-स्टेम:
क्लॅम्प फक्त वरच्या आणि खालच्या टीच्या (फोर्कच्या दोन्ही नळ्या धरणाऱ्या आडव्या पट्ट्यांच्या) मधल्या नळीवर. खालच्या टीच्या खाली काहीही लावू नका, तिथे फोर्क सरकतो. ऑर्डर करण्याआधी नळीचा व्यास व्हर्नियरने मोजा. ३९, ४१, ४३, ४९ मिमी अशी मापं सर्रास आढळतात आणि नुसत्या नजरेने ४१ आणि ४३ मधला फरक कळत नाही. मोठा क्लॅम्प घेऊन आत रबर गुंडाळायचा जुगाड टिकत नाही. रबर दबतं, क्लॅम्प फिरतो आणि फेअरिंग एका बाजूला तिरकं होतं. अपसाइड-डाऊन (उलटा बसवलेला) फोर्क असेल तर वरची नळी जाड असते, ती वेगळी मोजा.

बऱ्याच बाइकचे पुढचे इंडिकेटर नेमके याच जागी असतात. ते हलवण्याचे ब्रॅकेट किटमध्ये आहेत का, हे डबा उघडल्याबरोबर बघा.

चारही क्लॅम्प आधी सैल ठेवून फेअरिंग अडकवा. हँडल सरळ धरा आणि फेअरिंगच्या दोन्ही कडांपासून हँडलच्या टोकांपर्यंतचं अंतर टेपने मोजा. दोन्हीकडे सारखं आलं की थोडंथोडं, आलटूनपालटून आवळत जा. एम६ बोल्टला ८ ते १० न्यूटन-मीटर पुरतात, पण किटच्या कागदावर वेगळा आकडा असेल तर तो पाळा. क्लॅम्पच्या दोन्ही फटी सारख्या राहिल्या पाहिजेत. एक फट मिटली आणि दुसरी उघडी दिसली, तर क्लॅम्प वाकडा बसलाय, तो सोडून परत लावा.

मग तीन गोष्टी तपासा. हँडल दोन्ही बाजूंना लॉकपर्यंत फिरवून फेअरिंगची कड आणि टाकी यांच्यात किमान १५ मिमी जागा राहते का, आणि ग्लोव्ह घातलेल्या बोटांनी लिव्हर दाबताना फेअरिंग आड येतं का. दुसरं, इंजिन आयडलवर ठेवून हँडल लॉक टू लॉक फिरवा. आरपीएम जरा जरी चढला तर थ्रॉटल केबल ताणली जातेय, ती दुसऱ्या वाटेने न्या. ब्रेकच्या होजलाही तेच. तिसरी तपासणी बहुतेक जण विसरतात: फेअरिंगचा जो भाग खालच्या टीच्या खाली उतरतो, त्याचं मडगार्डपासूनचं अंतर. फोर्क पूर्ण दबल्यावर मडगार्ड वर येतं. फोर्कचा ट्रॅव्हल १३० मिमी असेल, तर अंतर त्याहून जास्तच हवं, नाहीतर एखाद्या खोल खड्ड्यात मडगार्ड फेअरिंगवर आदळेल.

आता थरथर. तथ्य आहे. फोर्कवरचं फेअरिंग हँडलबरोबर फिरतं, त्यामुळे त्याचं वजन आणि त्यावर आपटणारा वारा दोन्ही थेट स्टिअरिंगला लागतात. फ्रेमवर बसणाऱ्या फेअरिंगला हा त्रास नसतो. त्यात तुमचा टॉप बॉक्स मागच्या चाकाच्याही मागे आणि उंचावर, म्हणजे पुढचं चाक हलकं होतं. वेग वाढल्यावर सगळी बाइक संथपणे डुलायला लागते ती यामुळेच. फेअरिंग बसवण्याआधी कोनसेट (हँडल फिरतं ती मानेतली बेअरिंग) बघा: पुढचं चाक उचलून फोर्क पुढे-मागे ओढला तर खट्‌ असा खेळ जाणवू नये, आणि हँडल मध्यभागी अडकू नये. मध्यभागी खाच जाणवली तर बेअरिंगच्या वाट्या गेल्यात, आवळून उपयोग नाही, कोनसेट बदला. टायरचं प्रेशर थंड टायरवर मोजा. जड सामान टॉप बॉक्समधून काढून साइड बॉक्समध्ये खाली आणा. पहिली चाचणी रिकाम्या सरळ रस्त्यावर, वेग टप्प्याटप्प्याने वाढवत. हँडल सोडून बघण्याचा शहाणपणा कोणी करू नये.

तांब्याची तार:
वायरिंगचं मी लिहितो.

सगळ्यात आधी मल्टीमीटर. बंद बाइकवर चांगली बॅटरी १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. इंजिन ३००० आरपीएमवर, हेडलाइट चालू, तेव्हा १३.८ ते १४.५ मिळायला हवेत. आयडलवर हाच आकडा १३ च्या खाली येत असेल, तर ट्रॅफिकमध्ये ॲम्प बॅटरीवरच चालणार हे गृहीत धरा. ४०० वॉट हा आकडा वरच्या आरपीएमचा असतो आणि त्यातला मोठा वाटा हेडलाइट, फ्युएल पंप, इग्निशन आणि इंजेक्शन आधीच खातात. रेडिएटर फॅन लागला की आणखी.

ॲम्पचा हिशेब: दोन चॅनेल × ५० = १०० वॉट. क्लास-डीची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर १२५ वॉट, म्हणजे १३.५ व्होल्टला ९ अँपिअरच्या वर. चारही चॅनेल पूर्ण चालले तर साडेअठरा. गाण्यात सरासरी याच्या बरीच खाली असते, पण वायर आणि फ्यूज वरच्या आकड्यावरच ठरवायचे.

करंट थेट बॅटरीवरून घ्या, हेडलाइटच्या वायरमधून चुकूनही नको. पॉझिटिव्हवर फ्यूज बॅटरीपासून १५-१८ सेंटीमीटरच्या आत. फ्यूज वायरच्या रक्षणासाठी असतो. तो ॲम्पजवळ लावला, तर मधली सगळी वायर उघड्यावर पडते आणि फ्रेमला घासली की पेटते. बॅटरी ते फेअरिंग २ मीटर, परतीचे २ मीटर धरा. २.५ चौरस मिमी वायरीत १५ अँपिअरला साधारण ०.४ व्होल्ट पडतात, ४ चौरस मिमीत पाव व्होल्ट. मी ४ चीच सुचवेन, फ्यूज २५ अँपिअर.

हेड युनिटची पिवळी वायर कायम बॅटरीला (स्वतःच्या फ्यूजमधून), लाल वायर चावीनंतर जिथे करंट येतो तिथे, काळी अर्थ. निळी-पांढरी ॲम्पच्या रिमोट टर्मिनलला, म्हणजे युनिटबरोबर ॲम्प चालू-बंद होतो. लाल वायर बहुतेक युनिटमध्ये फक्त इशारा देते, करंट ओढत नाही. पिवळी आणि लाल एकत्र करून थेट बॅटरीला जोडली तर युनिट पूर्ण झोपत नाही आणि बॅटरी उतरते. दोन्ही चावीनंतर घेतल्या तर सेटिंग पुसलं जातं. नीट जोडूनही पिवळी थोडा करंट घेतेच. मल्टीमीटर सिरीजमध्ये लावून मोजा. १० मिलिअँपिअर असेल तर ३० दिवसांत ७.२ अँपिअर-अवर, म्हणजे तुमच्या बॅटरीतली निम्मी. बाइक महिनाभर उभी राहणार असेल तर पिवळीचा फ्यूज काढून ठेवा.

कॅन-बस (सगळे इलेक्ट्रॉनिक भाग जोडणारं डेटा नेटवर्क) असलेल्या बाइकवर लाइटची वायर खरवडून जोड मारू नका, कंपनीने दिलेला ॲक्सेसरी कनेक्टर वापरा.

स्टिअरिंगच्या मानेपाशी वायरी हँडलबरोबर वाकतात, त्या तिथेच तुटतात. तिथे बारीक तारांची लवचिक वायर घ्या, वरून विणलेली स्लीव्ह चढवा, सैल वळण ठेवा आणि केबल टाय मानेच्या अलीकडे-पलीकडे मारा, नेमका वळणावर नको. जोड क्रिम्प करा. नुसतं सोल्डर केलं तर सोल्डर संपतं तिथे तार कडक होते आणि कंपनाने तिथेच मोडते.

घडघड:
ॲम्पबद्दल माझं मत वेगळं आहे. हेड युनिटच्या डब्यावर ५० × ४ छापलेलं असतं, प्रत्यक्षात आरएमएस (सलग मिळणारी ताकद) १४ ते २२ वॉट मिळतात. हाफ फेस हेल्मेट आणि मध्यम वेग असेल तर संवेदनशील स्पीकरवर तेवढं चालतं. फुल फेस हेल्मेटात, हायवेच्या वेगाला वाऱ्याचा आवाज सगळं गिळतो, तिथे ॲम्प हवाच. आधी युनिटवर ऐकून बघा, ॲम्पची वायर मात्र आत्ताच टाकून ठेवा. टाकी पुन्हा उतरवायला लागू नये.

ॲम्प लावलात तर हाय-पास फिल्टर (ठरावीक पातळीखालचा बेस गाळणारी सेटिंग) ८० ते १०० हर्ट्झवर ठेवा. साडेसहा इंची कोन उघड्या फेअरिंगमध्ये त्याखालचा बेस देऊ शकत नाही, नुसता धडपडतो आणि आवाज फाटतो. स्पीकरच्या रिंगखाली फोमची पट्टी लावा. कोनच्या पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांत मिसळला की उरलासुरला बेसही जातो. दोन स्पीकरपैकी एकाची प्लस-मायनस उलटी झाली तरी हेच होतं. दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा, सेलचा प्लस ज्या टर्मिनलवर असताना कोन बाहेर येतो ते टर्मिनल प्लस.

आणि स्पीकरची मायनस वायर फ्रेमला अर्थ करू नका. हेड युनिटचे दोन्ही टोकांचे आउटपुट जिवंत असतात, अर्थ लागला की आउटपुट आयसी जातो.

लांबपल्ला:
भारी माहिती, आभार सगळ्यांचे. आणखी दोन शंका. आरपीएमबरोबर चढत जाणारी शिटी स्पीकरमध्ये येऊ नये म्हणून आधीच काय करता येईल? आणि काचेचे स्क्रू सैल होऊ नयेत म्हणून थ्रेडलॉकर (आट्यांवर लावायचा चिकट द्रव) चालेल का?

तांब्याची तार:
हेड युनिट आणि ॲम्पचं अर्थ एकाच ठिकाणी आणा, शक्यतो बॅटरीच्या मायनसवर. दोघांचे अर्थ फ्रेमवर वेगवेगळ्या जागी टाकले की मधला फरक आरसीए केबलमधून (हेड युनिटचा आवाज ॲम्पला नेणाऱ्या केबलमधून) वाहतो आणि शिटी होऊन ऐकू येतो. आरसीए एका बाजूने न्या, पॉवर वायर दुसऱ्या बाजूने, इग्निशन कॉइलपासून दोन्ही लांब. तरीही आली तर आरसीए ॲम्पमधून उपटून बघा. शिटी राहिली तर दोष ॲम्पच्या पॉवरमध्ये किंवा अर्थमध्ये, गेली तर हेड युनिट किंवा आरसीएमध्ये. हे न बघता फिल्टर विकत घेण्यात अर्थ नाही.

एफएम लावणार असाल तर अँटेनाचा तळ अर्थ करायला विसरू नका. फेअरिंग प्लास्टिकचं, त्यामुळे तो आपोआप होत नाही. अँटेना आत लपवला तरी चालतो, एबीएस सिग्नल अडवत नाही. स्वस्त एलईडी हेडलाइटचा ड्रायव्हर मात्र जवळून खरखर घालतो. लाइट बंद केल्यावर खरखर थांबली तर कारण सापडलं.

टी-स्टेम:
थ्रेडलॉकर काचेजवळ अजिबात नको. तो एबीएस, ॲक्रिलिक आणि पॉलीकार्बोनेटला बाधतो. ताण असलेल्या भोकाभोवती बारीक केसासारखे तडे जातात आणि काही दिवसांनी काच तिथून फुटते. टी आणि क्लॅम्पच्या धातू-धातू जोडांना निळा, मध्यम ताकदीचा वापरा. काचेला रबर ग्रोमेट, त्यात धातूची बुश, वर रुंद नायलॉनचा वायसर आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सैल न होणारा). बुशमुळे बोल्ट पूर्ण आवळला तरी प्लास्टिकवर दाब ठरावीकच येतो. भोक ग्रोमेटच्या मापाचं पाडा, बोल्टच्या मापाचं नको.

काचेची उंची: रायडर सीटवर बसल्यावर वरची कड नाकाच्या रेषेत यावी, म्हणजे नजर काचेवरून जाते. पावसात काचेतून बघावं लागलं तर रात्री समोरच्या दिव्यांनी काही दिसत नाही. हेल्मेट गदगदत असेल तर काच आणखी उंच करू नका. काचेमागे कमी दाबाची पोकळी होते आणि तिथे हवा गरगरते. फेअरिंग आणि काच यांच्या मध्ये व्हेंट असेल तर तो उघडा, किंवा काचेचा कोन बदलून बघा.

हेडलाइट फेअरिंगमध्ये गेला की त्याचा रोख बदलतो, तो परत लावा. एक चक्कर मारून आल्यावर क्लॅम्पच्या बोल्टना पाना लावून बघा. पहिल्यांदा ते थोडे बसतात.