तिरक्या खाचांची किल्ली असलेलं पिनचं कुलूप खोलायचंय, सल्ला द्या

अक्कलकोटरोडवाला: नमस्कार मंडळी. एमआयडीसीतल्या एका बंद कारखान्याच्या भंगारात परदेशी मशीनचं पॅनल आलेलं, त्याचं कुलूप मी किल्लीसकट घेतलंय. आपल्याकडची साधी कुलपं बहुतेक लिव्हरची, म्हणजे आत पट्ट्या असलेली, हे पिनचं, म्हणजे आत स्प्रिंगवर बारक्या पिना असलेलं आहे, पण किल्लीच्या खाचा सरळ नाहीत, एक डावीकडं तिरकी, एक उजवीकडं, मधली सरळ. किल्ली मस्त चालते. आत काय आहे ते बघायचंय पण परत जोडून चालूही झालं पाहिजे. कुठनं सुरू करू? का सरळ किल्लीवाल्याकडं नेऊ?

लेथवाले_काका: किल्लीवाल्याकडं नेऊ नका, त्याचं मशीन सरळच कापतं, तिरकी खाच त्याच्यावर निघणार नाही. घरीच खोला. मागची सर्क्लिप, म्हणजे अडकवलेली स्प्रिंगची कडी, काढा, किल्ली घालून थोडी फिरवा आणि आतला गोल भाग पुढं ओढताना मागनं तेवढ्याच जाडीचा लाकडी दांडा सरकवत चला, दोन्हीत फट पडू देऊ नका, नाहीतर वरच्या पिना (भोकात एकावर एक अशा पिना असतात) स्प्रिंगसकट बाहेर उडतात आणि मग फरशीवर शोधत बसा. दांडा कुठल्याही लेथवर करून मिळेल.

पिनवेडा_जुळेसोलापूर: काकांचं बरोबर आहे, पण या कुलपात अजून एक गोष्ट असणार. अमेरिकेतल्या लायनस येलनी १८६१ आणि १८६५ ला पेटंट घेतलेल्या कुलपात पिना योग्य उंचीवर आल्या की काम झालं. तिरक्या खाचा म्हणजे इथं पिना वर जाऊन शिवाय स्वतःभोवती फिरल्या पण पाहिजेत. मेडेको या अमेरिकन कुलूप कंपनीचं १९७० चं पेटंट याच पद्धतीचं. पिनेचं टोक छिन्नीसारखं असतं, ते तिरक्या खाचेत बसलं की पिन वळते, सगळ्या पिनांच्या अंगावरच्या उभ्या खोबणी एका रांगेत आल्या की बाजूची पट्टी, म्हणजे साइडबार, आत सरकतो आणि मगच कुलूप फिरतं. नुसती उंची जमवून उपयोग नाही, हेच मला लई आवडतं यातलं! आता मुद्द्याचं, गोल भाग बाहेर आला की साइडबार आणि त्याच्या बारक्या स्प्रिंगा बाजूनं सुटतात, म्हणून त्या बाजूला अंगठा दाबून धरा आणि सगळं काम उंच कडांच्या ताटात करा.

अक्कलकोटरोडवाला: भारी माहिती दादा! म्हणजे पिना काढताना वळण पण लक्षात ठेवायचं का? आणि तेल टाकू का?

पिनवेडा_जुळेसोलापूर: वळण किल्लीच ठरवते, तुम्ही क्रम सांभाळा. तोंडाकडनं एकेक पिन चिमट्यानं काढा, बर्फाच्या ट्रेमध्ये ओळीनं ठेवा, व्हर्नियरनं, म्हणजे बारीक मापाच्या पट्टीनं, लांबी मोजून लिहून ठेवा. वरच्या पिना पण बघा, एखादी मधे बारीक, रिळासारखी असेल, ती चोरानं चाचपताना अडकावी म्हणून असते. एका भोकात मधे पातळ चकती सापडली तर दुसरी, मास्टर किल्ली पण चालत असणार.

लेथवाले_काका: आणि तेल नको, आपल्याकडं धूळ फार, ती तेलात चिकटून पिना जाम होतात. कोरडी ग्रॅफाइट पावडर चिमूटभर टाका. जोडल्यावर दाराला बसवायच्या आधी हातात धरूनच फिरवून बघा.

अक्कलकोटरोडवाला: ठीक, दांडा करून घेतो आणि रविवारी खोलतो. पिनांचे फोटो इथंच टाकतो.