गाइडचं काम: बर्फावर आणि ट्रॅकवर
दृष्टिहीन स्कीपटूचा गाइड म्हणजे नुसता मदतनीस, त्यात करिअर कसलं, असं एकांनी विचारलंय. नाही जी! गाइड स्कीपटूच्या पुढे घसरत असतो आणि हेडसेटवरून वळण, उतार, कुठे बर्फ कडक आहे ते सांगत जातो; वेग ताशी 100 किलोमीटरवरही जातो. शब्द जरा उशिरा आला की गेट (उतारावरचे खांब, ज्यांच्यामधून जावंच लागतं) हुकलंच. 2014 च्या सोची पॅरालिम्पिकमध्ये ब्रिटनची दृष्टिहीन स्कीपटू केली गॅलाघर हिने सुवर्ण जिंकलं ते गाइड शार्लट इव्हान्ससोबत.

आपल्या नागपुरात बर्फ कुठला, पण धावण्यात हेच काम आहे: दोघांच्या हातात एक दोरी, पावलाला पाऊल. पॅरिस पॅरालिम्पिकला 2024 मध्ये आपली दृष्टिदोष असलेली धावपटू सिमरन शर्माने 200 मीटरचं कांस्य गाइड अभय सिंहसोबत धावून मिळवलं. फुटाळा तलावावर पहाटे पळणाऱ्या पोरांनी हे शिकावंच. गाइडची पळायची ताकद मात्र खेळाडूपेक्षा जास्त हवी, कारण धावता धावता बोलायचंही असतं.