'पुरवठा' म्हणावं की दुसरा शब्द आहे?

प्रार्थनेत माझ्या तोंडून कायम "प्रभू, तू पुरवठा करणारा देव आहेस" असंच निघतं. पण परवा घरगुती सभेत म्हणताना अडकलेच. मार्चपासून ह्यांचं काम सुटलंय, पिठाचा डबा तळाला गेलाय, आणि पुरवठा म्हटलं की डोळ्यासमोर येते रेशनची रांग नाहीतर पाण्याचा टँकर. तरतूद म्हणावं तर ते बजेटमधलं वाटतं. मग आपल्या मराठीत ह्याला नेमका शब्द कुठला?

—

ताई, नाम सोडा आणि क्रियापद धरा. बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्रात (४:१९) 'पुरवठा करील' नाहीये, 'पुरवील' आहे, आणि पुरवणे हा अगदी घरातला शब्द आहे, आपण लाड पुरवतो, हौस पुरवतो, पोराचा हट्ट पुरवतो. दुसरं म्हणजे तो 'पुरणे'वरून आलाय. आई म्हणायची ना, "एवढं पीठ शनिवारपर्यंत पुरवायचंय", म्हणजे नवीन काही आणायचं नाही, आहे तेच पुरेल असं करायचं. सारफथची विधवा आठवा (१ राजे १७). बाहेर दुष्काळ, हिच्याकडे मूठभर पीठ आणि थोडं तेल, ते खाऊन मायलेकरं मरायला तयार. तिचं मडकं काठोकाठ भरलं असं तिथं कुठंच लिहिलेलं नाही, फक्त संपलं नाही एवढंच लिहिलंय. देवाने पीठ पुरवलं, ह्याचे दोन्ही अर्थ तिथे लागतात.

—

दादांचं पटलं. पण मला त्याहून उत्पत्ती २२ मधलं, अब्राहाम देवाबद्दल मुलाला म्हणतो ते "पाहून देईल" जवळचं वाटतं. हिब्रूत 'यिरे' म्हणजे पाहील, आणि इंग्रजीतल्या प्रोव्हाइडच्या मुळाशी पण पुढचं पाहणंच आहे, फक्त तिथं ते आता कुणाला ऐकू येत नाही. आपल्याकडे स्पष्ट ऐकू येतं, "थांब, तुला काहीतरी खायला बघते", मुलीला स्थळ बघतात, भाच्याला नोकरी बघून देतात. फक्त 'देव बघून घेईल' म्हणू नका हं, त्यात एकतर धमकी असते नाहीतर हात झटकणं, सगळा फरक त्या 'देणे' आणि 'घेणे'मध्ये आहे. पंडिता रमाबाईंचे आईवडील दुष्काळातच गेले होते, आणि १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात पाहायला गेल्या, तिथून शेकडो मुली केडगावला आणल्या. मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबल केलं ते ह्याच बाईंनी. पाहून देणे म्हटलं की मला त्या आठवतात.

—

गोव्याहून. येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत आमच्या कोंकणीत "आमचो दिसपट्टो गिरास आयज आमकां दी" असं आहे. गिरास म्हणजे घास! तुमची रोजची भाकर, आमचा रोजचा घास. 'रोजची'च्या जागी जो ग्रीक शब्द आहे तो नव्या करारात फक्त ह्या प्रार्थनेतच येतो, मत्तय आणि लूक दोन्हीकडे, त्यामुळे आजची, उद्याची की जगण्यापुरती ह्यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. मला जगण्यापुरती हेच खरं वाटतं, रानात इस्राएली लोकांना देवाने दिलेलं अन्न, मान्ना, ते पण उद्यासाठी ठेवला की त्यात किडे पडायचे.

—

सगळ्यांचे मनापासून आभार. एक बोलायचं राहिलं होतं, सभेत एकजण म्हणाले की उणे पडतंय म्हणजे विश्वास कमी पडतोय, तेव्हापासून स्तोत्र २३ मधलं "मला काही उणे पडणार नाही" म्हणताना माझा आवाजच निघत नाही.

—

ताई, ते अजिबात मनावर घेऊ नका. ज्या अध्यायात 'पुरवील' आहे त्याच अध्यायात, सात वचनं आधी, ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल म्हणतो की उपाशी राहणं मला ठाऊक आहे. बंदिवासातून लिहितोय तो. त्याचा विश्वास कमी होता असं कोण म्हणेल? आणि 'पुरवील' हे तो लिहितो फिलिप्पैच्या मंडळीला, म्हणजे ज्यांनी त्याच्या अडचणीत एपफ्रदीतच्या हाती मदत पाठवली होती त्यांनाच.

—

दादा, वाचून रडू आलं. आज सकाळीच मंडळीतल्या एका आजींनी नातवाबरोबर पायलीभर ज्वारी पाठवली आणि वर निरोप, "दळून आण, पुढचं बघू." हा 'बघू' पण त्या 'पाहून देईल'मधलाच धरायचा ना?