सलामिसच्या लढाईची जुनी कोरीव चित्रे कितपत विश्वसनीय?

प्रश्न (चाळीसगाव)
नमस्कार मंडळी. वाचनालयातील प्रदर्शनासाठी मी ग्रीक आणि पर्शियन यांच्यातील इ.स.पू. ४८० मधील सलामिसच्या आरमारी लढाईची, एकोणिसाव्या शतकात छापलेली कोरीव चित्रे जमवली आहेत. त्यांत वाऱ्याने फुगलेली शिडे आणि त्यांखाली वल्ह्यांच्या रांगा दिसतात. ही चित्रे पुरावा म्हणून मांडावीत की कल्पनाचित्रे म्हणून?

उत्तर (धुळे)
सर, कल्पनाचित्रे म्हणूनच मांडावीत. ही चित्रे कोरणाऱ्यांच्या नजरेसमोर त्यांच्या काळातील शिडांची जहाजे होती. ग्रीक नौका मात्र लढाईला निघताना मोठी शिडे शक्यतो किनाऱ्यावरच ठेवत, कारण तीन स्तरांत बसलेल्या १७० वल्हेकऱ्यांच्या बळावर वेगाने वळून नौकेच्या पुढच्या टोकावरच्या काशाच्या चोचीने शत्रूच्या नौकेची बाजू फोडायची, हे त्यांचे मुख्य युद्धतंत्र होते. वल्हेकऱ्यांची बैठक दाखवणारे शिल्प अथेन्सच्या अक्रोपोलिसवर १८५२ मध्ये मिळाले, तर इस्रायलच्या अथलित किनाऱ्याजवळ ४६५ किलोची काशाची चोच १९८० मध्ये सापडली. ती सलामिसनंतरच्या काळातील असली, तरी या शस्त्राची ताकद तिच्यावरून नेमकी कळते. शक्य असेल तर प्रत्येक कोरीव चित्राशेजारी या दोहोंची छायाचित्रे लावावीत.

उत्तर (भुसावळ)
वरील मताशी सहमत आहे; मात्र दगडात कोरले म्हणजे ते जसेच्या तसे घडले, असेही मानू नये. इजिप्तमधील मेदिनेत हाबू येथील तिसऱ्या रामसेस राजाच्या मंदिराच्या भिंतीवर इ.स.पू. ११७५ च्या सुमाराची आरमारी लढाई कोरलेली आहे. तीत इजिप्तच्या ४ आणि शत्रूच्या ५ नौका एकमेकींत मिसळलेल्या दिसतात, आणि लढाईचे निरनिराळे टप्पे एकाच चौकटीत दाटीने बसवलेले आहेत. राजाची आकृती अवाढव्य असणे हा तर उघड गौरव आहे. असे असूनही शिडे गुंडाळलेली आहेत आणि तिरंदाज शत्रूवर बाण सोडत आहेत. असे बारकावे मला मोलाचे वाटतात.

उत्तर (जळगाव)
दादा, प्रदर्शनात बोरिवलीजवळील एकसरच्या वीरगळांना (वीरांच्या कोरीव स्मृतिशिळांना) जागा द्यावी, ही आग्रहाची विनंती. ते ग्रीकांइतके प्राचीन नाहीत, पण वल्ह्यांच्या युद्धनौकांची रांग आपल्या महाराष्ट्राच्या दगडात कोरलेली तेथे पाहायला मिळते. अनेक अभ्यासक हे शिल्प तेराव्या शतकातील यादव महादेव आणि शिलाहार सोमेश्वर यांच्या लढाईशी जोडतात; सोमेश्वर समुद्रात बुडाला, असे यादवांचा मंत्री हेमाद्री याने लिहिले आहे. आपल्या चाळीसगावजवळच्या पाटण्याच्या शिलालेखामुळे यादव खानदेशाला परके नाहीत, तेव्हा येथील वाचक या शिल्पापाशी नक्की थांबतील. वीरगळ खालून वर वाचायचा असतो, तळाशी लढाई आणि माथ्यावर वीराला मिळालेला स्वर्ग, एवढी ओळ फलकावर अवश्य लिहावी.