मदत हवी आहे: सॅक्सोफोनवर सी वरून डी ला जाताना सूर फुटतो, जी चा आर्पेजियो तर अडतोच

नमस्कार मंडळी, मी सांगलीत विश्रामबागला राहते, लहानपणी हार्मोनियमच्या दोन परीक्षा दिल्या होत्या तेवढीच शिदोरी. माझे धाकटे काका लग्नाच्या बँडमध्ये आल्टो सॅक्स वाजवायचे, आता दम पुरत नाही म्हणून दिवाळीत त्यांनी तो मला दिला, म्हणाले वाजव, नुसता पडून राहिला तर पॅड (भोकं झाकणाऱ्या गाद्या) कडक होतात. तेव्हापासून रोज संध्याकाळी पाऊण तास बसतेच, चहा उकळेपर्यंत रीड (फुंकायच्या टोकाची पातळ पट्टी) तोंडात भिजत असते.

काका सगळं कानावर शिकलेले, सी मेजर वगैरे त्यांच्या भाषेत नाही, ते फक्त "सा लाव" म्हणतात. मी पुस्तकात बघून सी मेजर वाजवला आणि पेटीवर ताडून बघितला तर सा निघाला काळी दोन! दोन दिवस वाटत होतं वाद्यच बिघडलंय. मग कळलं की आल्टो ई फ्लॅटचं वाद्य, बोटं सी ची धरली तरी ऐकू ई फ्लॅट येतो. आता तानपुऱ्याचं ॲप काळी दोनला लावून अलंकार घोकते आणि मला तरी त्याचा खूप फायदा झालाय.

अडचण पुढे आहे. सी-ई-जी-सी हा आर्पेजियो (कॉर्डचे सूर एकामागून एक), म्हणजे आपला सा ग प सा, खालच्या सी पासून छान येतो कारण त्यात ऑक्टेव्ह की (सूर एक सप्तक वर नेणारी कळ) लागतच नाही. पण स्केल वर न्यायला गेलं की मधल्या सी ला डाव्या हाताचं एकच मधलं बोट आणि लगेच डी ला सहाही बोटं खाली, शिवाय अंगठ्याने ऑक्टेव्ह की, आणि तिथे मधेच क्षणभर भलताच सूर वाजतो. जी-बी-डी-जी मध्ये तर बी वरून डी ला दरवेळी हेच, मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० ला निभतं, ८० ला सगळं कोसळतं. पॅड गळतोय का? मिरजेत सतारीचे कारागीर आहेत पण सॅक्सचं काम करणारं मला कुणी सापडलं नाही. रीड अडीच नंबरची आहे, दोनची, म्हणजे मऊ, घेऊ का? कृपया सांगा, मला हे मनापासून शिकायचंय.

प्रतिसाद (सातारा):
ताई, रीड बदलू नका. आधी खालचा डी लांब धरा आणि बाकी बोटं न हलवता फक्त ऑक्टेव्ह की दाबा, वरचा डी स्वच्छ आला तर पॅडची काळजी सोडा, चूक बोटांची आहे. आरशात बघा, उजव्या हाताची बोटं बटणांपासून लांब उडत असणार, ती टेकलेलीच ठेवायची. अंगठाही उचलायचा नाही, जागेवरच वळवायचा. मग नुसतं बी-डी-बी-डी, ४० वर, जीभ न लावता (सूर जिभेने न तोडता) एका फुंकरीत, कारण जीभ लावली की चूक झाकली जाते आणि वेगात परत वर येते. मधला भलता सूर कुठला आहे तेही ऐका.

धागाकर्ती:
दादा खूप आभार, डी एकदम स्वच्छ आला! आणि मधला सूर ई आहे, म्हणजे उजव्या हाताची अनामिका मागे राहतेय. काकांना फोनवर ऐकवलं तर तेही लगेच म्हणाले, तिसरं बोट आळशी आहे तुझं. आज ४० वर वीस मिनिटं केलं, दहापैकी सहा वेळा नीट आलं. ४० वरून ५० ला कधी जायचं, दहाही नीट आल्यावरच का?