आमच्या तलावातले मासे मोजून गेले, निकाल कोण सांगणार?

बांधीवाला (धागाकर्ता)

मंडळी, वाद घालायचाच आहे म्हणून सरळ लिहितो. अर्जुनी मोरगावच्या बाजूचं आमचं गाव. गावाला माजी मालगुजारी तलाव आहे, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या (जमीनदारांच्या) काळातला, आणि त्याच्याखाली माझ्या चार एकर बांध्या, धानाच्या. गेल्या दहा-बारा वर्षांत या तलावावर मोजून सात जणं "अभ्यासाला" आलेली मी पाहिली. कोणी पक्षी मोजले, कोणी मासे, कोणी बायांना झाडाखाली बसवून भलामोठा फॉर्म भरून घेतला. तिघं माझ्याच घरी जेवले. त्याची तक्रार नाही, पाहुण्याला वाढायचंच असते. तक्रार ही, की एकानंही परत येऊन सांगितलं नाही का आमच्या तलावात काय सापडलं.

आता ग्रामसभेत दोन ठराव समोरासमोर आले आहेत. एक, जेसीबी लावून गाळ काढायचा आणि बांध्यांत टाकायचा. "गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार" योजना 2017 पासून आहेच. दुसरा, एका संस्थेची पोरं आणि ढिवर (मासेमार) मोहल्ल्यातल्या बाया म्हणतात, उथळ भागात यंत्र घालू नका, आम्ही बेशरम (तलावात माजणारं झुडूप) उपटतो, पाण्यातल्या वनस्पती लावतो, मासोळी वाढेल.

मी पहिल्या ठरावाचा. ऐन रोवणीत पावसानं दडी मारली की तुडुमातून (तलावाचं पाणी सोडायच्या दारातून) पाणी सुटलं तरच पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, वाचतात. पाण्यात हायड्रिला गवत लावून वाचत नाहीत. संस्थेच्या पत्रकात "शाश्वत समाज" असं लिहिलं आहे. शाश्वत म्हणजे काय जी? माझी बांधी भेगाळली तरी चालेल, मासा सुखी राहिला पाहिजे, असं?

बोला. शिव्या चालतील.

---

अर्धवट_पीएचडी

त्या सात जणांत मी नव्हते, पण असू शकले असते. माझा प्रबंध इंग्रजीत आहे, काळ्या बांधणीत, विद्यापीठाच्या ग्रंथालयात. ज्या गावांत मी दोन पावसाळे काढले तिथं त्याची एक प्रतही नाही. गाइडनं विचारलं नाही, मीही केलं नाही. तेव्हा तुमचा पहिला आरोप मान्य.

दुसरा नाही. मालगुजारी तलाव म्हणजे खड्डा नसतो, ताटली असते. पाळीकडे, म्हणजे बांधाकडे, खोल आणि वरच्या अंगाला हळूहळू उथळ होत गेलेली. पाऊस पडून पाणी चढलं की बरीच देशी मासोळी त्या उथळ कडेला अंडी घालायला येते. तिथं देवधान (रानटी धान) असतं, पाण्याखालची गवतं असतात, पिल्लांना लपायला जागा मिळते. तिथंच जेसीबीनं उभा काप घेतला तर कडाच उरत नाही. बेशरम वाढली तरी तेच, तिच्या दाटीत पाण्यातलं दुसरं काही टिकत नाही. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या मनीष राजनकरांनी हे काम तुमच्याच पट्ट्यात, ढिवरांना सोबत घेऊन केलं. कोणती वनस्पती कुठल्या मासोळीच्या कामाची, हे ढिवरांना ठाऊक होतं. संशोधकांनी ते लिहून काढलं आणि मग बायांनी खरोखर लावणी केली. अभ्यास आणि चळवळ यांचा सांधा असा जुळतो.

आणि "अभ्यासानं काय होते" म्हणणाऱ्यांसाठी जुनी गोष्ट. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला रोजगार हमीची मजुरी ठरवताना सरकारी समितीनं रोजचे 4 रुपये धरले होते. वर्ध्याकडे काम करणाऱ्या डॉ. अभय बंगांनी त्या हिशेबातल्या चुका दाखवल्या आणि आकडा 12 रुपयांवर आणला. मोर्चे बाकीच्यांनी काढले, पण मोर्चाच्या हातात कागद होता.

---

वऱ्हाडी_ठेचा

मी धानवाला नाही, कपाशीवाला, यवतमाळ जिल्हा. तरी मधात बोलतो.

2017 चं वर्ष आमच्याकडे कोणी विसरलं नसंन. फवारणीच्या विषबाधेनं जिल्ह्यात वीसच्या वर माणसं गेली. त्या साली कपाशी डोक्याच्या वर गेली होती, पंपाचा फवारा उलटून तोंडावरच येत होता. ऑक्टोबरच्या उन्हात प्लास्टिकचा कोट घालून फवारून दाखवा म्हणा एखाद्या साहेबाले. माझ्या साळ्याले तीन दिवस दिसत नव्हतं, डोळ्याले फडकं बांधून खाटेवर. नंतर गाड्या भरभरून लोकं आले. शास्त्रज्ञ, कार्यकर्ते, टीव्हीवाले. कार्यकर्ते म्हणाले सेंद्रिय करा. केलं. दीड एकरात तीन वर्षं केलं. तण काढाले बाया मिळेनात, आणि कापूस घेऊन गेलो तर व्यापाऱ्यानं त्याच ढिगात टाकला ज्याच्यात साऱ्यांचा होता. भाव तोच. मले सेंद्रिय शिकवणारी पोरगी तेव्हा पुण्यात दुसऱ्या प्रोजेक्टवर होती.

मी त्या पोरीले खोटी म्हणत नाही. पण तिचा पगार कापसावर नव्हता, माझं घर होतं. आमच्याच जिल्ह्यात नैसर्गिक शेतीवाले सुभाष शर्मा आहेत, 2025 ला पद्मश्री भेटली. त्यांचं ऐकतो, काहून का तो माणूस सोताच्या वावरात चुकला, सोताच्या पैशानं चुकला, आणि मंग शिकवाले लागला. संशोधन करायचं तर असं करा.

---

धानोऱ्याचा

ठेचाभाऊ, असं म्हटलं तर फक्त शेतकऱ्यानंच अभ्यास करावा असं होईल. गडचिरोलीत आमच्या तालुक्यात मेंढा (लेखा) गाव आहे. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा तिथली. देवाजी तोफा गावचे, मोहन हिराबाई हिरालाल बाहेरून आलेले कार्यकर्ते. मोहनभाऊ आता नाहीत, पण त्यांनी उभारलेली रीत अशी: गावात अभ्यासगट बसतो, बाहेरच्या जाणकाराला प्रश्न गावानं विचारायचे आणि निर्णय ग्रामसभेनं सर्वसहमतीनं घ्यायचा. जाणकाराला मत मांडायची मुभा, निर्णयात हात नाही. वनहक्क कायदा 2006 चा. मेंढ्याला 2009 ला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबूच्या वाहतूक पासासाठी भांडावं लागलं, आणि 2011 ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले तेव्हा वाहतूक पासांचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात पडलं. मधली दोन वर्षं कायदा वाचून काढण्यात गेली आहेत, नुसत्या घोषणा देऊन नाही.

चंद्रपूरचं पाचगाव बघा. गोंडपिपरी तालुका. तेंदूपत्त्याचा हक्क हातात आला आणि ग्रामसभेनं तेंदू तोडणंच बंद केलं. पत्ता चांगला यावा म्हणून फांद्या छाटतात, आग लावतात, जंगल मरते, म्हणून. उन्हाळ्याचा रोख पैसा सोडून देणं सोपं आहे का? कोणी शास्त्रज्ञानं बळजबरी केली नव्हती.

बांधीवाला भाऊ, तुमच्याकडे सात जणं आली, तेव्हा ग्रामसभेनं त्यांना एक तरी प्रश्न दिला का?

---

बांधीवाला

नाही दिला. टोमणा पोचला.

पण मेंढ्याचं उदाहरण जो तो तोंडावर फेकतो, त्यातली एक गोष्ट कोणी बोलत नाही. मेंढा पाचशेच्या आसपास वस्तीचं, सगळं गोंड गाव. आमच्या गावात कोहळी आहेत, कुणबी आहेत, ढिवर, गोंड, बौद्ध, चार घरं पोवारांची. अर्ध्यांना तलाव भरलेला पाहिजे, अर्ध्यांना सोडलेला पाहिजे. सर्वसहमती कशी करता? बाहेरचे कार्यकर्ते "गाव म्हणते", "गावाचा निर्णय" असं लिहितात, तेव्हा मला हसू येते. कोणतं गाव, जी? पाळीवरचं की पाळीखालचं?

---

निवृत्त_पाटकरी

एकतीस वर्षं पाणी सोडण्यात गेली माझी, म्हणून थोडं लिहितो. दोन्ही बाजू ज्यावर भांडत आहेत त्याच्यापेक्षा मोठा घोळ दुसरीकडेच आहे.

हे तलाव कोहळ्यांनी बांधले, गोंड राजांच्या काळापासून. पूर्व विदर्भात मिळून साडेसहा हजारांच्या वर आहेत. 1951 ला मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. लहान जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधाऱ्याकडे. त्याआधी पाळीवर उंदरानं बीळ पाडलं तरी गावचा माणूस कुदळ घेऊन धावे. नंतर धावायचं कोणी? अर्ज करायचा, आणि अर्जाला पाय नसतात.

आता गाळाबद्दल. गाळ काढावा, जरूर काढावा, चांगलं खत आहे. पण किती? तळाशी चिकण मातीचा थर बसलेला असतो, तोच पाणी धरतो. मशीनवाल्याला ट्रिपा मोजून पैसे मिळतात, तो थर फोडून मुरमापर्यंत जातो. मग पावसाळ्यात तलाव भरलेला दिसतो आणि कार्तिकात खाली. लोकं म्हणतात पाऊस कमी झाला. मी असा एक तलाव पाहिला आहे, गावाचं नाव घेत नाही, तिथली लोकं अजून एकमेकांशी बोलत नाहीत.

आणि बांधीवाला, तुमच्या तुडुमाची फळी कधी पाहिली का? नहराला अस्तर आहे का उंदरांची बिळं? माझा अंदाज असा, की तुमचं पाणी गाळानं कमी आणि गळतीनं जास्त जाते. हा अंदाज आहे, मोजलेलं नाही. मोजायचं सोपं आहे. पाऊस नाही आणि तुडूम बंद आहे अशा चार दिवसांत पाण्यात खुंटी ठोका, पाणी जिथं टेकते तिथं खूण करा आणि रोज सकाळी बघा. उन्हानं रोज बोटभरही उतरत नाही. खुणेच्या वीतभर खाली गेलं तर समजा कुठून तरी जात आहे.

---

वऱ्हाडी_ठेचा

पाटकरी काका, खुंटीचं संशोधन मले पटलं. याच्यासाठी कोणाले फेलोशिप लागत नाही.

---

टोपलीवाली

मी टाइप करते आहे, बोलणं आईचं आहे. आई ढिवर मोहल्ल्यातली, बांधीवाला काकाजींच्या गावची नाही, पण तलाव तसाच. तिला सगळं वाचून दाखवलं. तिनं सांगितलं ते तिच्याच बोलीत लिहिते.

"तुमी सारे तलावावर बोलता, तलावात उतरलं कोन? बेशरम उपटाची म्हनजे चैतात पानी आटलं का घुडघाभर चिखलात उतराचं. नुसती कापली त जास्त फुटते, तुकडा पडला का तुकडा रुजते. मुळासकट काढाची, पारीवर आनाची, उलटी करून वारवाची. तिचा चीक लागला का हाताले खाज सुटते. चार वर्स केलं आमी. मजुरी काही दिवस भेटली, काही दिवस नाई भेटली.

रोहू, कतला, मृगळचं बी मासेमाराईची सोसायटी टाकते. ते मोठं होते, ठेकेदार तोलून घेऊन जाते. घरच्या कालवनाची मासोळी ते नाई. घरची मासोळी बारीक, ते गवतात राहाते. ते गेली आन पोराईच्या ताटातून मासोळी गेली. सोसायटीच्या रजिस्टरात बायाईचं नाव नोता, हे त आमी संस्थेच्या मीटिंगीत बसल्यावर समजलं.

बांधीवाल्या काकाजीले सांग, तुमी पानी सोडता तवा आमचा तलाव सुकते. आमी काई तुडुमावर जाऊन बसत नाई. धान आमाले बी लागते, आमी रोवन्याले तुमच्याच बांधीत येतो. म्हून एवढंच म्हनतो का सारं सोडू नोका, मधातला डोह ठेवा, बी राहाले."

माझं एक वाक्य: आईच्या चार वर्षांच्या कामाचा अहवाल मी इंटरनेटवर पाहिला. फोटोत ती आहे. खाली "स्थानिक महिला" लिहिलं आहे.

---

अर्धवट_पीएचडी

"स्थानिक महिला". हे वाचून गप्प बसले थोडा वेळ. माझ्या प्रबंधात मी "माहिती देणारी क्र. 14" असं लिहिलं आहे. नाव गुप्त ठेवायचा नियम असतो, तो कारणानं असतो, पण त्या क्र. 14 ला नाव हवं होतं की नको, हे मी विचारलंच नव्हतं.

बांधीवाला, तुमच्या शेजारच्या दोन तलावांच्या माशांची आणि वनस्पतींची यादी माझ्याकडे आहे. मराठीत करून आणते. ग्रामसभा कधी आहे?

---

धानोऱ्याचा

एक सांगू? टोपलीवाली ताईंच्या आईनं जे मागितलं, "मधातला डोह ठेवा", त्यावर सर्वसहमती होऊ शकते. बांधीवाला भाऊंनी वर विचारलं होतं कशी करता, म्हणून लिहिलं.

---

बांधीवाला

धानोऱ्याचे भाऊ, घाई करू नका. मी ठराव मागे घेतला नाही. खोल अंगाचा गाळ मला पाहिजेच. बांधीत टाकला त्या वर्षी धान कसं उभं राहते ते मी पाहिलं आहे. संस्थेनं पत्रकात आम्हाला "मोठे शेतकरी" म्हटलं आहे, चार एकरवाला मोठा शेतकरी, त्याचाही राग आहे.

पण काल संध्याकाळी तुडुमावर गेलो होतो. पाटकरी काका, फळी सडली आहे. बंद असताना मनगटाएवढी धार वाहते. तीन वर्षं रोज त्या पाळीवरून जातो, एकदाही वाकून पाहिलं नव्हतं. खुंटी ठोकून आलो. आज सकाळी पाहिलं तर पाणी खुणेपासून चांगलं चार बोटं उतरलेलं. एका दिवसाचं धरत नाही, अजून तीन दिवस पाहतो.

ग्रामसभा पंधरवड्यानं आहे. मॅडम, यादी आणा, पण दोन दिवस आधी आणा. तिथं येऊन वाचली तर कोणी ऐकणार नाही, सरपंचाचा अर्धा वेळ घरकुलाच्या यादीत जातो. जेवण माझ्याकडे.

---

टोपलीवाली

आई विचारते, यादीत नावं आपली राहतील का शास्त्रज्ञांची?

---

अर्धवट_पीएचडी

दोन्ही. आपली आधी.

---

टोपलीवाली

मग आई म्हणते, तिला आधी दाखवा. मागच्या वेळी फॉर्म भरताना ती बाजूलाच बसली होती. तिनं शिंगाडा मासोळी सांगितली, आणि मॅडमनं ती वनस्पतींच्या रकान्यात लिहिली.